नातवाच्या मापाची बंदूक

खल्फानचं आणि माझं पहिल्याच भेटीत वाजलं. १९९९ सालचा मार्च महिना. दुबईत, देऱ्यातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी बावीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होतो आणि गिऱ्हाइकांना निवडून देत होतो. त्याआधी अठरा वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे पलटणीची हत्यारं ठीकठाक ठेवणारा कारागीर. त्यामुळे बंदुकीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. खल्फान नेमकं तेच करायला आला होता.

मनात मी त्याला म्हातारा म्हणायचो खरा, पण होता तो माझ्याच वयाचा. अंगात पांढरीशुभ्र कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, हातात वेताची काठी. तरुणपणी गलबतावरून मुंबईच्या खेपा केल्यामुळे हिंदी अगदी फर्डं. त्याला दहा वर्षांच्या नातवासाठी शिकारीची रायफल हवी होती. नातवाचं नाव सुहैल. तो शाळेत पास झाला की ही भेट द्यायची आणि हिवाळ्यात त्याला टांझानियाला हरणाच्या शिकारीला न्यायचं, असा आजोबांचा बेत होता. आल्या आल्या त्याने भिंतीवरच्या थर्टी-ओ-सिक्सकडे काठी रोखली.

"वो निकालो. मेरे पास भी वही है."

"बच्चे के लिए मैं वो नहीं निकालूँगा," मी म्हणालो.

काउंटरवर हमदुल्ला उभा होता. आमच्या दुकानातला पठाण, माझा खोलीतला सोबती. त्याने मला डोळ्यांनी खूण केली की गप बस, अरबाबच्या ओळखीतलं गिऱ्हाईक आहे. अरबाब म्हणजे आमचा मालक. पण मी बसलो नाही गप. त्या बंदुकीत वाईट काहीच नव्हतं. मोठ्या माणसाच्या हातात ती सोन्यासारखी चालते. पण ती लाथ मारते. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्याला पहिल्याच गोळीला असा दणका बसला की दुसऱ्या गोळीच्या आधीच ते डोळे मिटून घेतं, आणि चाप ओढताना डोळे मिटायची खोड एकदा लागली की मग देवसुद्धा ती काढू शकत नाही.

"मर्द बनेगा," खल्फान म्हणाला.

"मर्द नहीं बनेगा. डरेगा. और बंदूक से नहीं, आपसे डरेगा."

हे मी असं का बोललो ते मला तेव्हा ठाऊक होतं. खल्फानला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण तो रागावला नाही. काठी काउंटरला टेकवून स्टुलावर बसला आणि हमदुल्लाला म्हणाला, "चाय मँगाओ."

मी काचेवर तीन काडतुसं उभी करून दाखवली. एका टोकाला टू-टू. करंगळीच्या पेराएवढी. शिकायला उत्तम, सशाला ठीक, पण हरणाला मारली तर हरीण जखमी होऊन पळतं आणि दूर कुठेतरी झुडपात तासभर तडफडून मरतं. पोराची पहिली शिकार अशी झाली तर पोर जन्मभर ते विसरत नाही. दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्याची लाडकी थर्टी-ओ-सिक्स. आणि मध्ये टू-फोर-थ्री. गोळी हलकी पण वेगवान, हरणाला एका गोळीत आडवं करणारी, आणि धक्का निम्म्याच्या आसपास. खल्फानने मधलं काडतूस उचलून तळहातावर बराच वेळ तोललं.

"ये छोटा है," तो म्हणाला, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"नाती भी छोटा है ना," मी म्हणालो. हिंदीत नातवाला पोता म्हणतात हे बावीस वर्षं दुबईत काढूनही ऐन वेळी माझ्या तोंडात येत नाही. त्याला कळलं. तो हसला. सहा हजार दिरहॅमची, म्हणजे आपले सत्तर हजार रुपये झाले, आखूड नळीची एक टू-फोर-थ्री त्याने पसंत केली.

आता राहिलं माप. मोठ्यांच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, लांब असतो. पोराच्या हाताला तो पुरत नाही. मग ते मान ताणतं, दस्ता काखेत घेतं, आणि बंदूक गालावर आपटते. म्हणून दस्ता कापून मुलाच्या मापाचा करावा लागतो. माप कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत घ्यायचं. मी म्हटलं, मुलाला घेऊन या. खल्फान म्हणाला, मग सरप्राईज कसलं? त्याने छातीशी हात धरून सुहैलची उंची दाखवली आणि विचारलं, "तुम्हारे घर में इतना बच्चा नहीं है?"

"है," मी म्हणालो.

होता. माझा नातू वेदांग. खाडीच्या पलीकडे, अल मनखूलमध्ये. माझा मुलगा सतीश तिथे एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट होता. तो, त्याची बायको हेमा आणि वेदांग एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मी अलीकडे देऱ्यात, हमदुल्ला आणि आणखी तिघांबरोबर एका खोलीत. पन्नास फिल्सच्या होडीने दहा मिनिटांत पलीकडे जाता येतं, पण मी जायचो फक्त शुक्रवारी, दुपारच्या जेवणाला. त्याहून जास्त मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझं लक्ष बंदुकांत नव्हतं. एकतीस मेला मला साठ वर्षं पूर्ण होत होती, आणि साठीनंतर माझ्या व्हिसाचं नूतनीकरण होणार नव्हतं. सतीशच्या पगारात बापाचा व्हिसा निघू शकतो, याची मी आमच्या पीआरओकडून, म्हणजे दुकानाचे सरकारी कागद बघणाऱ्या माणसाकडून, दोनदा खात्री करून घेतली होती. जानेवारीत मी सतीशला तारीख सांगितली. तो म्हणाला, "हो का? बघू." त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. 'बाबा, आता आमच्याकडेच राहा' एवढं एक वाक्य मला ऐकायचं होतं. हॉलमधल्या सोफ्यावर झोपलो असतो. पण ते त्याने आपणहून म्हणायला हवं होतं. मागून घेतलेल्या सोफ्यावर मला झोप आली नसती. हा माझा ताठा आहे, आणि तो मी नाकारत नाही. सतीशची आई असती तर तिने दोघांनाही एका वाक्यात सरळ केलं असतं. पण ती जाऊन चार वर्षं झाली होती.

पुढच्या शुक्रवारी मी टेप घेऊन मनखूलला गेलो. जेवण झाल्यावर वेदांगला जवळ बोलावलं.

"हात असा वाक. काटकोनात."

"लाइक दिस?"

"अस्सा. हलू नको."

त्याचा कोपर मी डाव्या हातात धरला. पोराचा हात इतका वेळ धरायला मिळाल्याला मला किती दिवस झाले होते कोण जाणे. दारातून आत शिरलो की तो 'हाय आजोबा' म्हणायचा आणि निघताना 'बाय आजोबा', मधल्या वेळात कॉम्प्युटर. आता तो माझ्या गुडघ्याला टेकून उभा होता आणि टेपवरचे आकडे वाचत होता. बारा इंच दोन सूत. मी तेच माप तीन वेळा घेतलं. पहिल्यांदाच बरोबर आलं होतं.

"इज इट फॉर मी?"

"नाही रे. दुसऱ्या एका मुलासाठी आहे."

"देन व्हाय आर यू मेजरिंग मी?"

मी म्हटलं, तो मुलगा तुझ्याएवढाच आहे. वेदांगने विचारलं, बंदूक बघायला मिळेल का, मी दुकानात येऊ का. मी हो म्हणणार तेवढ्यात हेमा स्वयंपाकघरातून ओट्याचं फडकं हातात घेऊनच आली.

"बाबा, प्लीज. घरात बंदुकीचं नको ना. हा सगळं स्कूलमध्ये जाऊन सांगतो. मग टीचर मला बोलावतात."

"नुसतं माप घेतोय," मी म्हणालो.

सतीश टीव्हीवरची मॅच बघत होता. त्याने मान न वळवता म्हटलं, "माझंही घेतलं असतंत तेव्हा, तर बरं झालं असतं." आणि हसला. हेमाही हसली. तिला काय वाटलं असेल ते असो, मला सगळं कळलं.

सतीश अकरा वर्षांचा असताना मी फौजेतून दोन महिन्यांच्या रजेवर कुडाळला आलो होतो. मुलगा मला बघून आईच्या मागे लपायचा. मला ते खटकलं. फौजीचा मुलगा असा कसा, म्हणून एके सकाळी त्याला रानात नेलं आणि शेजारच्या खोतांची बारा बोअरची बंदूक त्याच्या हातात दिली. दस्ता त्याच्या खांद्याबाहेर वीतभर जात होता. पलटणीतल्या शेकडो जवानांच्या बंदुका मी मापाने बसवल्या होत्या, पण स्वतःच्या पोराच्या वेळी मला घाई झाली. वर्षभराचा बाप दोन महिन्यांत व्हायचं होतं ना. गोळी सुटली, बंदूक गालावर आपटली, ओठ फाटला. खांदा आठवडाभर निळा. पण सतीश रडला नाही. त्याने बंदूक हळूच जमिनीवर ठेवली आणि एकटा घरी चालत गेला. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. सायकलसुद्धा आईकरवी मागितली. त्या दिवशी मी त्याला चुचकारून उचलून घेतलं असतं तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. मी त्याच्या मागून ओरडलो होतो, "बंदूक कोण उचलणार?"

माप घेतल्यावर मी दस्ता कापला. कापलेल्या लाकडाचे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे तुकडे करून, घासून, पॉलिश करून वेगळ्या डबीत ठेवले. मुलगा वाढेल तसा एकेक तुकडा स्क्रूने परत लावायचा. खल्फान ते बघून खूश झाला. म्हणाला, ही बंदूक त्याच्याबरोबर मोठी होणार. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुहैलचा निकाल लागला आणि खल्फान मला खवानीजच्या पलीकडे आपल्या शेतावर घेऊन गेला. पोराला पहिली गोळी तूच मारायला शिकव म्हणाला.

सुहैल बारीक, लाजरा, पायात मोठ्या चपला. मी त्याला आधी तासभर रिकामी बंदूकच धरायला लावली. दस्ता खांद्यात बसला पाहिजे, गाल लाकडावर टेकला पाहिजे, श्वास अर्धा सोडून थांबवला पाहिजे. कानाला झापडं लावली. खल्फानची चुळबुळ चालली होती, पण मी त्याला दूर सावलीत बसवला. मग एकच काडतूस भरलं. वाळूच्या बांधापुढे ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याला गोळी लागली नाही. चार बोटं वरून गेली. पण पोराने डोळे मिटले नाहीत. ते वळलं, आजोबाकडे बघून हसलं आणि मला म्हणालं, "मर्रा थानिया." पुन्हा एकदा. खल्फान सावलीतून उठून आला आणि त्याने नातवाला कवेत घेतलं. मला रडू आलं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

परतताना खल्फानने खजुराची मोठी पेटी माझ्याबरोबर दिली. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अल्ला तुम्हारे पोते को खुश रखे." बस, एवढंच. दुसरं काही तो बोलला नाही. हे इथेच स्पष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते मला कुणी करायला लावलं नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मनखूलला जेवायला बसलो होतो. एकतीस तारखेला दहा दिवस उरले होते. आमटी वाढून झाली, क्रिकेटच्या वर्ल्ड कपचं बोलून झालं, वेदांगच्या मॅथ्सचं बोलून झालं. माझं कुणी काही बोलेना. माझं डोकं तापत चाललं होतं आणि त्या भरात मी म्हणालो, "खल्फान मला शेतावर राहायला बोलावतोय. नातवाला शिकवायला. व्हिसाचं तो बघतो म्हणाला."

गिऱ्हाइकाशी मी जन्मात खोटं बोललो नाही. मुलाशी बोललो. मला वाटलं होतं, सतीश चमचा खाली ठेवेल आणि म्हणेल, आपलं घर असताना तुम्ही परक्याच्या शेतावर कशाला राहता? वाक्यसुद्धा मी मनात तयार करून ठेवलं होतं, त्याच्या आवाजात.

सतीशने चमचा खाली ठेवला.

"बाबा, बेस्टच झालं हे," तो म्हणाला. "मी खरंच टेन्शनमध्ये होतो. रोज ऑफिसमध्ये तेच डोक्यात. इकडे वन बेडरूम, वेदांगचा अभ्यास, आणि तुम्हाला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

"मी म्हणतच होते, बाबांचं काहीतरी होणार. इतकं नॉलेज आहे त्यांना," हेमा म्हणाली आणि फ्रीजमधून श्रीखंडाचा डबा काढून आणला.

"रूम सेपरेट आहे ना? एसी?"

"आहे," मी म्हणालो.

"आणि जेवण?"

"केरळचा स्वयंपाकी आहे. मासे करतो." तसा कुणी स्वयंपाकी मी पाहिला नव्हता.

सतीशने जवळ सरकून विचारलं, तो अरब माणूस स्वभावाने कसा आहे, शेतात काय काय आहे, किती खजुरीची झाडं. मी सांगत गेलो आणि तो खुलत गेला. मी त्याला पूर्वेकडे खिडकी असलेली खोली सांगितली, दोन उंट सांगितले, एक विहीर सांगितली. माझा मुलगा माझ्याशी इतकं कधीच बोलला नव्हता. मग बोलणं थांबवावंसं मला कसं वाटणार? मध्येच वेदांगने विचारलं, "सो आजोबा वोन्ट कम ऑन फ्रायडेज?"

"शुक्रवारी तर त्या मुलाला सुट्टी असणार ना. आजोबा बिझी असतील," सतीशने परस्पर सांगून टाकलं. "आपणच जाऊ कधीतरी तिकडे. आणि बाबा, तिथला फोन नंबर?"

"शेतावर फोन नाही. मीच करीन."

"चालेल, चालेल."

खरं सांगायला मला दहा दिवस होते. दोनदा मी टेलिफोनच्या बूथपर्यंत गेलो. एकदा नंबर लावला तर हेमाने उचलला आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला तिकडे चादरी वगैरे लागतील का? माझ्याकडे एक्स्ट्रा आहेत." मी नको म्हटलं आणि ठेवून दिला. एकतीस मेला हमदुल्ला मला विमानतळावर सोडायला आला. सामानात दोन बॅगा आणि खल्फानची खजुराची पेटी.

"बेटे को बताया?" त्याने विचारलं.

"बताया."

हमदुल्लाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. मुंबईला उतरलो आणि रेल्वेने कुडाळला आलो. स्लॅबचं दोन खोल्यांचं घर मी बांधून ठेवलं होतं. ते उघडलं. घरात फोन नव्हता, पण शेजारच्या नर्मदावहिनींकडे होता आणि तो नंबर सतीशकडे होता.

माझा हिशेब असा होता की आठवडाभरात सतीश काळजीने दुकानात फोन करेल. हमदुल्ला त्याला खरं सांगेल. मग सतीश चिडेल, मला फोन करून ओरडेल, आणि मीही ओरडेन. त्यासाठी उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. एक आठवडा गेला. दुसरा गेला. नर्मदावहिनींच्या अंगणात मी रोज काहीतरी काम काढून जायचो. त्यांचा पंप दुरुस्त केला, दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, एकदा नुसतीच कात्री उसनी आणली. फोन वाजायचा, पण तो त्यांच्या मुलीचा असायचा. जून संपला. दुबईत माझा मुलगा होता, सून होती, नातू होता, आणि मी त्या देशात नाही हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेहतिसाव्या दिवशी नर्मदावहिनींनी कुंपणावरून हाक मारली, "सदाभावोजी, सतीशचा फोन!"

मी गेलो. जाता जाता त्यांनीच सांगितलं की फोन त्यांच्यासाठी होता. सतीश, हेमा आणि वेदांग सुट्टीत दहा दिवस गावी येणार होते, तर वहिनींनी घर उघडून झाडून घ्यावं, चावी कुठे ठेवलीय ते बघावं, म्हणून. वहिनी त्याला म्हणाल्या होत्या, चावी कशाला, तुझे बाबा आहेत की घरात.

"बाबा?" सतीश म्हणाला. "तुम्ही तिकडे कसे?"

पाठ केलेली उत्तरं सगळी जागच्या जागी होती. एक जरी बोललो असतो तरी त्याला रात्रभर झोप लागली नसती. मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. तो घाबरला होता. त्या दिवशी रानात ओठ फाटला तेव्हाही हा माझ्यापुढे घाबरलेला दिसला नव्हता. चेहरा मख्ख ठेवला होता. मला वाटलं, याला आज पुन्हा तसाच दणका द्यायचा का?

"सुट्टीवर आलोय," मी म्हणालो. "उन्हाळ्यात सुहैल आईबापाबरोबर लंडनला गेलाय. शेतावर काम नव्हतं."

"अच्छा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग ठीक आहे. मला वाटलं काही प्रॉब्लेम झाला. परत कधी जायचंय?"

"खल्फान बोलावेल तेव्हा."

"ओके. मग आम्ही येऊ तेव्हा तुम्ही असालच."

"असेन."

"बरं झालं, बाबा. चावीचा प्रश्नच मिटला."

मी फोन ठेवला. नर्मदावहिनींनी विचारलं, काय म्हणतोय मुलगा? मी म्हटलं, येतोय. त्यांच्याकडून लांब दांड्याचा झाडू मागून घेतला आणि घरी येऊन आतली खोली झाडायला घेतली.